अलुशाचं पोट

अलुशाला पाजायचं काम शिंताच्या गळ्यात पडलं, ते काही तिची भक्ती बघून नव्हे. घरात दुसरं कोणी मोकळं नव्हतं, एवढंच. धाकटा तोन्यो अजून झोळीत अंगठा चोखत पडलेला. आई देल्फिना चुलीला जुंपलेली. बाप नासारियो तांबडं फुटायच्या आत कोयता घेऊन रानात. राहता राहिली शिंता. नऊ वर्षांची, पायाच्या काड्या, जीभ मात्र बापाच्या कोयत्यापेक्षा धारदार, आणि पोटात सदानकदा खड्डा.

त्या खड्ड्यालाही कारण होतं. चानसाबाक गावाला हे दिवस दर साली वाईटच जायचे. जुना मका कणगीच्या तळाला लागलेला आणि नवा अजून रानात उभा, कणसांत नुकतं कुठं दूध भरलेलं. आई भाकरी थापायची ती हात आखडून. बाप रानात राबतो म्हणून त्याला जास्त, तोन्यो अंगावर पितो म्हणून आईला एखादी वर, आणि शिंता काहीच करत नाही म्हणून तिला उरलंसुरलं. काहीच करत नाही म्हणजे काय, तर भिजवलेला मका डोक्यावर घेऊन गिरणी गाठायची, विहिरीचं पाणी ओढायचं, डुकरांना हुसकायचं, कोंबड्यांमागं पळायचं आणि कपाळाला पट्टा लावून सरपणाचा भारा पाठीवर आणायचा. एवढं करून पोरगी आपली रिकामीच!

त्यात यंदा लांबनाके माजले. कुत्र्याएवढं जनावर, सोंडेसारखं नाक, शेपट्या उभ्या करून टोळीनं हिंडणार आणि एका रात्रीत मक्याची रांगच्या रांग आडवी करणार. नासारियोनं बुजगावणं उभं केलं, तर त्यांनी त्याची हॅट पळवली. नवी हॅट. मग मात्र तो तडक सेबो भगताकडे गेला.

सेबो भगतानं मातीचा अलुश, म्हणजे रानाचा राखणदार, करून दिला. वीतभर उंची, हातात काठी, डोळ्यांच्या जागी काळ्या घेवड्याचे दोन दाणे. नासारियोच्या रानाच्या कडेला जुन्या लोकांनी रचलेल्या दगडांचा मोठा ढिगारा होता, घराएवढा उंच, वर झाडं वाढलेली. त्याच्या कुशीत एका कपारीत राखणदाराची स्थापना झाली. पुढं एक वाटी ठेवली. त्या वाटीत रोज सकाळी भोपळ्याच्या तुंब्यातून साका ओतायचा. साका म्हणजे मक्याची पातळ पेज, वर मध.

"पोरानंच न्ह्यायचा," भगत म्हणाला. "थोरल्या मानसाचा वास त्येला खपत न्हाई. वतायचा, पाठ फिरवायची आन् मागं बघायचं न्हाई. राखणदार उपाशी ऱ्हायला तर तोच धन्याला दगुड मारतो."

"आन् दुसऱ्या कुनी पिला तर?" शिंतानं विचारलं.

"तोंड वाकडं हुतं. माज्या आज्याच्या येळंला एकानं पिला हुता. मरस्तवर कानाजवळ घास न्हेऊन जेवला त्यो."

शिंतानं आपले कान दोन्ही हातांनी झाकले.

पहिले काही दिवस तिनं सगळं नेमानं केलं. साका ओतला, पाठ फिरवली, मान ताठ ठेवून घरी आली. पण संध्याकाळी बाप बघायला जायचा तर वाटी तशीच, वर मुंग्यांचा थर. नासारियोचं तोंड उतरायचं. "रुळला न्हाई अजून," म्हणायचा आणि भाकरी अर्धी टाकून उठायचा. तिकडं लांबनाके रोज रांग मोडतच होते.

एका सकाळी शिंता वाटीसमोर उकिडवी बसली. भूक अशी लागलेली की डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कालच्या साक्यात बुडून मेलेल्या मुंग्या तिनं बोटानं बाजूला केल्या. "मुंग्यांनी प्याला तर चालतो व्हय रं?" तिनं अलुशाला विचारलं. आणि तिनं तुंबा तोंडाला लावून एक घोट घेतला. हनुवटी चाचपली. जागेवर होती. मग आणखी एक घोट घेतला, पुन्हा चाचपली. आणि मग काय, तुंबा रिकामा झाला तेव्हाच तिनं दम घेतला. वाटीतला शिळा साका दगडांत ओतून दिला.

त्या संध्याकाळी नासारियो रानातून पळतच आला.

"देल्फे! आगं पिला! वाटी कोरडी ठक्क!"

"खरंच?" आईनं छातीवर क्रूस केला. "मध कमी पडत हुता बघा आधी. उद्या वाईच जास्त घालते."

बापानं हसत हसत आपल्यातली एक भाकरी शिंतापुढं टाकली. "माज्या पोरीचा हात चांगला."

आता अशा वेळी खरं सांगायला पोरगी काय वेडी होती?

तेव्हापासून तिचा नेम बसला. ढिगाऱ्यावर चढायचं, सावलीत बसून साका प्यायचा, वाटी चाटून कपारीत ठेवायची. पण फुकटचं पिऊन नुसतं बसायचं हे तिलाही बरं वाटेना. अंगात पोटभर मध आणि हाताशी ढिगाभर दगड. लांबनाक्यांची शेपटी मक्यात हलली रे हलली, की ती नेम धरून भिरकावायची. विहिरीवरच्या डुकरांवर सराव झालेला हात तो, चुकतोय कशाला! सरपणाला म्हणून ती तिन्हीसांजेलाही तिकडंच जायची. लांबनाके बोंबलत पलीकडच्या रानात पळायचे. वाटेनं जाणारी माणसं दगडांचा आवाज ऐकून टोप्या काढायची. "नासारियोचा अलुश लई कडक," असा बोलबाला झाला.

पलीकडचं रान होतं क्रेसो काकाचं. क्रेसो म्हणजे अंगानं पिंपासारखा, मनानं पोराहून पोर. दुसऱ्याच्या घरी डुक्कर व्यालं तरी याच्या पोटात कळ यायची. आपल्या मक्याची नासधूस झालेली आणि नासारियोचा उभा, हे बघून त्याची झोप उडाली. आणि त्यानं ठरवलं, राखणदार आपल्याकडं फोडायचा.

दुसऱ्या दिवशी शिंता बघते तर ढिगाऱ्याच्या पलीकडच्या अंगाला केळीचं पान मांडलेलं! पानावर उकडलेलं अंडं आणि गोड पाव. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. शेवटी राखणदार एकच, आणि पोटही एकच, असा विचार करून खाल्लं. पुढं पानावर कोंबडीचा तुकडा आला. मग गोड सोड्याची बाटली आली. बाटली दुकानात परत द्यावी लागते हे तिला ठाऊक होतं, म्हणून पिऊन झाल्यावर तिनं ती पुसून जागच्या जागी उभी करून ठेवली.

"काय इमानदार हाय राव!" क्रेसो दुकानात सांगत सुटला. "बाटलीसुदिक माघारी ठेवतो. आसं त्येचं वागणं, आन् आमच्या जावयाचं बघा!"

हे नासारियोच्या कानावर गेलं. त्यानं घरी येऊन मधाची बरणीच आईपुढं ठेवली. तिकडं क्रेसोनं अंडी दुप्पट केली. दोन बापये इरेला पेटले आणि शिंता गोलमटोल व्हायला लागली. सगळं गाव वाळत चाललेलं, आणि हिचे गाल वर येऊन डोळे बारीक झालेले! झगा पोटावर ताठ बसायला लागला.

"जंत," आई म्हणाली. "पोट बगा की ढोल झालाय. काढा द्याया पायजे."

"मला काय बी झालं न्हाई," शिंता म्हणाली. पण रात्री आपल्या दोरीच्या झोळीत पडल्यावर ती हळूच तोंड चाचपून बघायची. वाकडं व्हायला वेळ लागत असेल तर? भगतानं किती दिवसांनी ते सांगितलंच नव्हतं.

आणि मग भांडण लागलं.

ढिगाऱ्याच्या पायथ्याला काळ्या मातीचा कोपरा होता. बाकीच्या गावाचं रान म्हणजे दगडाला माती चिकटलेली, आणि हा कोपरा लोण्यासारखा. तिथली कणसं हातभर लांब. तिथं पेरलं होतं नासारियोनं. कोपरा गेला तर पुढच्या पावसापर्यंत घरात भाकरी नव्हती. हे शिंतालाही कळत होतं, कारण आई बापाला तसं रोज म्हणायची.

क्रेसो कारभाऱ्याच्या सोप्यात येऊन उभा राहिला, दोन्ही हात कमरेवर.

"राखणदार माझ्या हातचं खातो. मंजे ढिगारा माझा. ढिगारा माझा तर कोपरा माझा."

"आधी माझ्या हातचा पिला त्यो!" नासारियो ओरडला. "तू फितूर केलास त्येला, अंडी दाखवून!"

"आरं, त्येला तुजी पानचट पेज आवडत न्हाई, त्येला मी काय करू?"

"पानचट? तीन बरण्या मध गेलाय माझा!"

दोघं मिशीला मिशी लागेस्तवर पुढं सरकले. कारभाऱ्यानं मधे हात घातला आणि सेबो भगताला बोलावलं. भगतानं ऐकून घेतलं, खाकरला आणि निवाडा सांगितला. उद्या सकाळी तो स्वतः दोघांचा नैवेद्य मांडेल, ढिगाऱ्याच्या एका अंगाला नासारियोचा, दुसऱ्या अंगाला क्रेसोचा. कुत्री बांधायची, डुकरं कोंडायची, माणसांनी रानात जायचं नाही. ऊन डोक्यावर आलं की सगळ्यांनी मिळून बघायला जायचं. ज्याचं खाल्लं त्याचा कोपरा.

दाराआड उभी शिंता ऐकत होती. म्हणजे उद्या सकाळी तिला तिथं जायलाच हवं होतं. बापाचा साका प्यायचा आणि काकाच्या कोंबडीला हात लावायचा नाही. कोंबडीला हात लावायचा नाही, हेच ती रात्रभर घोकत राहिली.

सकाळी आईनं तिला झोळीतूनच उचललं आणि नाक दाबून काढा पाजला. हिरवा, उग्र, घशात खिळे ठोकल्यासारखा.

"आजच का?" शिंता ठसकत म्हणाली.

"अनशापोटी घ्यायचा असतोय. आता पडून ऱ्हा. पोट ढवळलं तर परसात जा, दुसरीकडं कुटं पाय काढलास तर तंगडं मोडीन." आई तोन्योला काखेत घेऊन कारभाऱ्याच्या सोप्यात गेली. सगळं गाव तिथंच जमलं होतं. जाताना तिनं पुढच्या दाराला बाहेरून दांडकं अडकवलं.

परसातून जावं तर समोरच कारभाऱ्याचा सोपा. शिंतानं बाजूच्या कुडातल्या दोन काठ्या उचकटल्या. आधी या फटीतून ती सहज निसटायची. आता डोकं गेलं, खांदे गेले आणि पोट अडकलं. अर्धी आत, अर्धी बाहेर, पाय हवेत. "अलुशबाबा, लई खाल्लं रं तुजं," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आता न्हाई खात, येवढ्या बारीला सोड." श्वास सोडून तिनं जोर केला, झगा टरकन फाटला आणि ती कोंबड्यांच्या अंगावर जाऊन पडली.

पुढची वाट तिनं कशी कापली ते तिलाच ठाऊक. काढ्यानं पोटात हालचाल सुरू केली होती. दोनदा झुडपात बसावं लागलं. कपाळाला घाम, हात पोटावर. पण थांबली नाही, कारण डोळ्यांपुढं कोपरा दिसत होता आणि कोपऱ्यात परक्यानं मोडलेली हातभर कणसं दिसत होती.

ती मागच्या बाजूनं ढिगाऱ्यावर चढली आणि झुडपांत पालथी पडून खाली बघितलं.

खाली तिचा बाप होता.

नासारियो हॅट छातीशी धरून, गुडघ्यांवर रांगत कपारीपाशी येत होता. सोप्यातून पोट दुखतंय म्हणून उठला होता, हे पुढं कळलं. त्यानं चौफेर बघितलं. क्रूस केला. "माफ कर बाबा," तो पुटपुटला, "लेकरंबाळं हाईत," आणि वाटी उचलून घटाघटा प्यायला लागला.

शिंता आ वासून बघत राहिली. तेवढ्यात पलीकडून मचमच ऐकू आली. तिनं मान वळवली. ढिगाऱ्याच्या दुसऱ्या अंगाला क्रेसो काका फतकल मारून बसला होता. तोही मोपेडची हवा बघून येतो म्हणून निसटला होता. त्याचं संकट मोठं होतं. गावाला दाखवायला म्हणून त्यानं भगताकडं पानभर दिलं होतं, कोंबडी, अंडी, पाव, साका, सोडा, आणि आता ते सगळं त्यालाच संपवायचं होतं, तेही घाईनं. एका गालात अंडं, दुसऱ्या गालात पाव, डोळे बाहेर आलेले. मधे घराएवढा ढिगारा. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती.

शिंताला असं हसू आलं की तिनं मूठ तोंडात कोंबली. पण वरचं दाबलं की खालचं उसळणारच. काढा पोटात फिरला आणि तिच्या पोटातून आवाज निघाला. साधासुधा नव्हे! रिकाम्या पिंपात डुक्कर शिरल्यासारखा, लांबलचक, घुमणारा. दगडांच्या पोकळीत तो आणखी वाढला आणि दोन्ही अंगांनी बाहेर पडला.

नासारियोच्या हातातली वाटी गळून पडली. क्रेसोच्या घशात अंडं अडकलं. मग एक बाप पूर्वेला आणि एक काका पश्चिमेला असे पळाले की मक्याचं रान दोन्हीकडं फाकलं. शिंताही पळाली, पण ती झुडपात.

ऊन डोक्यावर आलं तसं गाव ढिगाऱ्यापाशी आलं. शिंता झुडपातून निघून हळूच गर्दीत मिसळली. सेबो भगतानं एका अंगाची वाटी उचलली. रिकामी. दुसऱ्या अंगाचं पान उचललं. रिकामं, नुसती हाडं. लोक कुजबुजायला लागले. नासारियो पांढराफटक उभा होता. क्रेसोला उचकी लागली होती, थांबत नव्हती.

भगतानं दोघांकडं निवांत बघितलं. नासारियोच्या मिशीवर साका वाळला होता. क्रेसोच्या सदऱ्यावर पिवळा बलक होता.

"दोघांचं खाल्लंय," भगत म्हणाला. "आसं कधी झालं न्हवतं. खाऊन अलुश खूश झाला का रागावला, ते कसं कळायचं बाबा?"

"गुरगुरला!" नासारियो आणि क्रेसो एकदमच म्हणाले.

क्रेसोची उचकी तेवढी वाजली.

"आस्सं," भगत म्हणाला. "आन् तुमी तर सोप्यात हुता न्हवं?"

मग जो हशा पिकला तो झाडावरची पाखरं उडवून गेला. कारभारी खाली बसला. क्रेसोची बायको पदरात तोंड घालून हसत होती आणि हसता हसता नवऱ्याच्या पाठीत गुद्दे घालत होती. "रोज कोंबडीची मान मुरगाळतोस, मला म्हनतोस देवाला! आन् गिळलास तू?"

"आजच्यालाच गं! देवाशपत आजच्यालाच!" क्रेसो हात जोडून म्हणाला. "मला नगं त्यो कोपरा. न्हेऊ दे त्येला. ढिगाऱ्याच्या आतनं आवाज आला, मी सोता ऐकलाय. मी हितं पुन्हा पाय ठेवत न्हाई!"

सगळे नासारियोकडं बघायला लागले. लाजेनं मान वर होत नव्हती. पण तो तसाच म्हणाला, "मी पेरलंय. मीच काढणार. गुरगुरूं दे न्हायतर खाऊं दे."

"मंग काढ," भगत म्हणाला. कारभाऱ्यानं मान हलवली, आणि कोपरा नासारियोचा राहिला.

घरी परतताना बाप पुढं आणि शिंता मागं. गावाचं हसणं अजून मागून ऐकू येत होतं, आणि नासारियो भराभर चालत होता. शिंताला बापाची दया येत होती. इतकी, की आपणच सगळं ओकून टाकावं असं तिला वाटत होतं. पण धीर होईना. आणि तेवढ्यात पोटानंच बोलायचं ठरवलं. काढ्याचा शेवटचा फेरा होता तो. घुमत, लांबत, तस्साच.

नासारियो जागच्या जागी उडाला. वळून बघतो तर मागं ना ढिगारा, ना अलुश. फाटक्या झग्यातली त्याची पोरगी, पोट दोन्ही हातांनी धरून.

त्यानं तिच्या पोटाकडं बघितलं. मग तिच्या गालांकडं. मग त्यानं कोयता काखेत धरला, दोन बोटांनी तिची हनुवटी पकडली आणि तोंड या बाजूनं, त्या बाजूनं वळवून बघितलं.

"वाकडं न्हाई झालं," तो म्हणाला.

"न्हाई," शिंता म्हणाली आणि भोकाड पसरलं. "भूक लागत हुती ओ बाबा. रोजच लागत हुती. पर मी फुकट न्हाई पिला, मी दगुड मारत हुते, येक बी लांबनाक्या कोपऱ्यात येऊ दिला न्हाई..."

नासारियोनं तिला मारलं नाही. वाट संपेस्तवर त्याचा हात तिच्या डोक्यावर होता. जड, घामेजलेला, कोयत्यानं घट्टे पडलेला.

संध्याकाळी आई चुलीशी बसून उद्याच्या साक्याला मका निवडत होती. नासारियो उंबऱ्यात बसून वहाणेची दोरी ओढत होता. वर न बघताच म्हणाला,

"उद्यापासून दोन तुंबे भर."

"दोन?" आई म्हणाली. "दोन कुनाला?"

"येक राखणदाराला."

"आन् दुसरा?"

"दुसरा अलुशाला."

आईचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मग झोळीत पाय सोडून बसलेल्या पोरीकडं, तिच्या फाटक्या झग्याकडं आणि खाली घातलेल्या मानेकडं. मग ती उठली, कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळाचा मका ओंजळभर काढला आणि तोही मडक्यात टाकला.